सात नंबरचा काटा

दामोदर नदीत गळ्यापर्यंत उभी करा मला, तिथूनही हेच सांगेन. शब्दन् शब्द खरा. एक जरी खोटा निघाला तर माझे उरलेले तीन दात तुमचे.

नवरा कोळशाखाली दबून मेला, म्हणून त्याच्या जागी मला खाणीच्या बत्तीघरात कामाला लावली. खाली उतरणाऱ्यांचे दिवे आणि वायू मोजायची यंत्रं सांभाळायची. त्या यंत्राला आम्ही डबाच म्हणायचो. आत शिशाची बॅटरी, वर काटा. वायू असला की काटा चढतो, नसला की शून्यावर झोपतो. असे नऊ डबे.

बॅटरी म्हणजे दुभती म्हैस. उपाशी ठेवली की आटते. रिकामी होऊन आली की त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. तिला पाजायचं पाणीही काचेच्या बरणीतलं, शुद्ध. नळाचं चालत नाही. एकदा माझी लंगडी शेळी ते बरणीतलं पाणी प्यायली. त्यानंतर त्या बयेनं मरेस्तोवर नळाच्या पाण्याला तोंड लावलं नाही. रोज सकाळी खाणीवाल्यांच्या मागं रांगेत उभी राहायची! आणि तेजाबानं माझ्या साडीला इतकी भोकं पडलेली की सासू म्हणायची, हिच्या पदरातून पीठ चाळा.

सोहरायच्या सणाच्या आदल्या दिवशी सात नंबरचा डबा रिकामा होऊन वर आला. मला घरी जाऊन भिंती रंगवायच्या होत्या, बैलांच्या शिंगांना तेल लावायचं होतं. ठेवला तसाच कपाटात. सणाला लागून संप झाला. एकोणीस दिवस गेले.

परत येऊन चार्जिंगला लावला, तर वीस मिनिटांत बॅटरी उकळायला लागली आणि चार्जरचा काटा टोकाला. चांगली बॅटरी दहा-बारा तास खाते. घास घेतल्याबरोबर पोट भरलं म्हणणारी आतून आजारीच असते.

बत्तीघराचे मोठे बाबू होते तरफदार बाबू. त्यांना म्हटलं, "बाबू, सात नंबर गेली."

"नवी यायला दोन महिने आहेत, पानमती. नियम ठाऊक आहे ना? चार्जिंगवरून काढ, दोन तास निवू दे, मग दहा मिनिटं बल्ब जाळून बघ. टिकली तर दे, नाहीतर खुंटीला टांग."

नियम बरोबरच होता. ताजी काढलेली बॅटरी बढाया मारते. बल्ब लावला की तिची खरी ताकद कळते.

त्या सकाळी आठ डबे वाटून झालेले. सात नंबर चार्जिंगवर. खिडकीशी अघनू आला, माझा धाकटा दीर. अकरा माणसांचा सरदार होता. सगळ्यांच्या पुढं जाऊन हवा तपासायची, मग माणसं आत घ्यायची, हे त्याचं काम.

"भौजी, डबा दे. नाहीतर तुलाच गळ्यात बांधून नेतो. दुसऱ्यांच्या घरातला वास तुला बरोबर लागतो."

"थांब मेल्या, दोन तास लागतील."

"दोन तासांत माझी माणसं घरी जाऊन लेकरं जन्माला घालून येतील!"

रांग खिदळली. मग शिव्या सुरू झाल्या. माणसं खाली नेणारा पिंजरा खोळंबलेला, घंटा वाजतेय. तेवढ्यात तरफदार बाबूंनी हात घातला, तारा सोडवल्या आणि डबा अघनूला देऊन टाकला.

अघनूनं बटण दाबलं. ते दाबलं की तोच काटा बॅटरीचा जोर दाखवतो. "बघ, काटा तुझ्या जिभेसारखा लांब गेलाय!" म्हणाला आणि गेला.

मी दिवे पुसायला घेतले. तासाभरानं एका दिव्यावर हात थांबला. वीस मिनिटांत भरलेली बॅटरी टिकणार किती? आत पायी पोचायलाच अर्धा तास. बॅटरी बसली की काटा शून्यावर पडतो. हवा साफ असली तरी काटा शून्यावरच. दोन्ही शून्यं एकसारखी दिसतात हो.

धावले. पिंजरा कधीच उतरून गेलेला. घंटावाल्याच्या हातातून फोन ओढला. खाली कुणीतरी उचलला.

"अघनूला थांबवा! सात नंबर खोटी आहे!"

"अघनूदा म्हणतात हवा साफ आहे, काटा शून्यावर. सुरुंग लावतायत."

मग फोनमध्ये नुसता वारा भरला. पायाखालच्या जमिनीनं म्हशीसारखी कातडी थरथरवली, एकदाच.

बाराही गेले. अघनूला तिसऱ्या दिवशी वर आणलं. डबा गळ्यातच होता.

चौकशीला मी माझी दोन्ही पोरं घेऊन गेले आणि बाबूंचं नाव सांगितलं. बाबूंनी पोरांकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यांची नोकरी गेली, क्वार्टर गेलं. आसनसोलला भावाच्या ओसरीवर वारले म्हणे.

माझी नोकरी राहिली. पुढं सतरा वर्षं प्रत्येक बॅटरी मी दहा मिनिटं बल्ब जाळून बघितली. पिंजरा खोळंबो नाहीतर मोडो.

बरं, दात काढायच्या आधी ऐका. एक गोष्ट मी मनाची घातली. शेळी नव्हे. शेळी खरी आहे, कुणालाही विचारा. बाबू त्या वेळी चहाला गेले होते. तारा मी सोडवल्या. डबा माझ्याच हातानं दिला.