पाण्याखालची ठकठक

खाडीकाठच्या लोकांनी त्या यंत्राचं नाव भोंगा ठेवलं होतं, आणि ते वाजवणाऱ्या बाईचं कानसेन. मासे-संशोधन केंद्राच्या कागदांवर तिचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण काम सरळ होतं. खाडीतला मासा संपला होता. मासेमारी बंद केली, जाळी गुंडाळली, तरी मासा परत येईना. माशांची पिल्लं खडक शोधतात ती कानानं, आणि मुका खडक त्यांना मेलेला वाटतो. वाटतो कशाला, मेलेलाच होता तो. म्हणून रोज तिन्हीसांजेला पाण्याखालच्या भोंग्यातून भरल्या खाडीचा जुना आवाज सोडायचा. कुरकुर, चटचट, माशांचं कण्हल्यासारखं बोलणं. पिल्लं फसतात, येतात, आणि टिकली तर खडक पुन्हा जिवंत होतो. शुद्ध फसवणूक, पण सत्कारणी लागलेली.

हंगाम संपेपर्यंत पिल्लं टिकली नाहीत, तर खाडी जहाजांच्या धक्क्यासाठी खणून काढणार होते. टिकली, तर गावाला पुन्हा गळ टाकता येणार होता, बेतानं, पोटापुरता. आणि पिल्लं काही टिकत नव्हती.

"येतात, घोळका करतात, आणि मग कुणीतरी हाकलल्यासारखी पळतात." केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी पाण्याखालच्या कॅमेऱ्यातली चित्रं तिच्यापुढे धरली. "रोज हेच. तुझा आवाज एकदा तपास बाई. काहीतरी खटकतंय त्यांना."

"तपासते," ती म्हणाली. काय खटकतंय ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

भरल्या खाडीचा आवाज असा एकच उरला होता. तो तिनंच कॉलेजात असताना बाबांच्या होडीतून टिपला होता. बाबा मासे हाकणारे. जाळं टाकायचं, दांडक्यानं होडीच्या कडेवर ठोकायचं आणि मासा घाबरवून जाळ्याकडे पळवायचा. ठक ठक, जरा थांबून, ठक. "तुझं टिपणं होईपर्यंत मी काय हाताची घडी घालून बसू?" म्हणत त्यांनी त्या दिवशीही ठोकलंच. पुढं खाडी ओस पडली ती असल्याच हाकण्यानं. हे बाबांनाही उमगलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचं हसणं गेलं. मग एकदा ते लांब समुद्रात गेले. होडी सापडली, ते सापडले नाहीत. मामा आईला समजावून समजावून थकला, की गेले ते, आता मान. आईनं मानलं नाही. धड फोटो नव्हता त्यांचा, आवाज नव्हता. होती ती त्या टिपलेल्या आवाजातली ठकठक.

भोंग्यावर चढवण्याआधी ती काढायला हवी होती, पण तिचा हात धजावला नाही. रोज संध्याकाळी बाबा कामावर जातायत, एवढंच तिला हवं होतं. आणि बाबा तरी कसले, एक दिवस चुकले नाहीत. इमानेइतबारे येत होते आणि पोरीनं बोलावलेली पिल्लं हाकलून लावत होते.

शेवटी तिनं मन घट्ट केलं. हेडफोन लावून एकेक ठोका शोधला आणि कापला. कापताना रडली, नाक पुसून पुन्हा कापायला बसली. मूळ प्रतही पुसून टाकली, कारण ती स्वतःला चांगली ओळखून होती. घरी आईला काही बोलली नाही. बाबांचा विषय निघाला की आई भांडी घासायला उठायची, घासलेलीसुद्धा.

पिल्लं तरीही पळाली.

भोंगा काय वाजवतो ते वेगळं, आणि खाडीत खरोखर काय ऐकू येतं ते वेगळं. त्यासाठी पाण्यात दुसरा माइक सोडलेला असायचा. तिनं त्याचं ध्वनिमुद्रण लावलं. कुरकुर, चटचट, सगळं जागच्या जागी. आणि मग, ठक ठक. ठक.

तिनं भोंग्याची फाइल पुन्हा तपासली. स्वच्छ होती. माइकचं पुन्हा लावलं. ठक ठक. ठक. पूर्वीपेक्षा हळू, दमल्यासारखी. भुताखेतांना हसणारी बाई ती, पण रिकाम्या खोलीत तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पुरे करा आता." आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ती केंद्राची होडी घेऊन एकटीच निघाली. भोंग्याच्या जागेजवळ एक छोटी होडी उभी होती. आत पाठमोरं कुणीतरी वाकून बसलेलं, अंगात बाबांचा निळा शर्ट. हातातलं दांडकं कडेवर पडलं. ठक ठक. ठक. होडीला होडी लागली तशी ती आकृती वळली. आई होती.

"तू इथं काय करतेस?" तिनं विचारलं.

"तुझे भोंगे बघायला आले होते मागं एकदा," आई म्हणाली. "वल्हं पाण्यात सोडलं आणि दांड्याला कान लावला, मासा ऐकायला लावायचो तसा. तर हे. ठोकत होते. तुला सांगितलं नाही, म्हटलं घाबरशील. मग रोज यायला लागले."

"आई, तो भोंगा..."

"माहितेय भोंगा आहे. एवढी वेडी नाही मी. पण कान लावला की कुठं आठवतं? मध्यंतरी थांबले ते. वाटलं, चुकले असतील. आपण ठोकावं, म्हणजे घर कुठल्या बाजूला ते कळेल त्यांना."

आईनं दांडकं पुन्हा उचललं. तिनं आईचं मनगट धरलं. आता सांगावंच लागणार होतं, आणि सांगायचं तिला अगदी जिवावर आलं होतं.

"ते थांबले नाहीत, आई. मी काढून टाकलं. मासे पळत होते म्हणून. सगळं पुसलं, एकही ठोका ठेवला नाही."

आई रागावेल, रडेल, निदान हात तरी झिडकारेल असं तिला वाटलं. आईनं कडेवरून वाकून पाण्यात बघितलं. ठोकणं बंद होऊन जरा वेळ झाला होता, आणि होडीखाली बारीक चुळबुळ सुरू झाली होती. पळालेली पिल्लं परत येत होती.

"म्हणजे आता पुन्हा नाहीच?" आईनं विचारलं.

"नाही."

आईनं दांडकं आवाज न करता खाली ठेवलं. वल्हं ओढून घेतलं, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मग आज गेले म्हणायचं," ती म्हणाली. "मामाला कळव. लगेच निघाला तर सकाळपर्यंत पोचेल."