पंपापाशी साडेनऊ व्होल्ट

शनिवारी दुपारी दोन वाजता भंगारवाला हेर विमर, म्हणजे जर्मनीतले विमरसाहेब, येऊन गाडी घेऊन जाणार, असं ऊर्मिलानं ठरवलं होतं, आणि ऊर्मिलानं ठरवलं की ते ठरलंच. नवऱ्याला, म्हणजे हृषिकेशला, तिनं सकाळचा वेळ दिला होता, तोही उपकार केल्यासारखा. "दोनच्या आत ही गाडी आइखश्टेटच्या रस्त्यावरचा तो चढ न थांबता चढली, तर मी एक शब्द बोलणार नाही," असं म्हणून ती लेकीला, ईप्सिताला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला सोडायला गेली. मुद्दाम बसनं गेली.

तो चढ त्या घरात फार गाजला होता. पंधरवड्यापूर्वी ईप्सिताला मागे बसवून ऊर्मिला घरी येत असताना, ऐन चढावर गाडीनं आचके दिले आणि मान टाकली. मागून ट्रक, पुढे वळण. कुणा भल्या माणसांनी गाडी ढकलून कडेला लावली. वर्कशॉपवाल्यानं इंधनाचा पंप गेलाय असं सांगून नवा पंप घातला. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी धावली आणि चढ येताच पुन्हा तेच. मग वर्कशॉपवाल्यानंही हात टेकले.

हृषिकेशचा त्या गाडीवर जीव होता. जर्मनीत त्याच्या नावावर झालेली ती पहिली मोठी वस्तू. ईप्सिताला जन्मल्यावर हॉस्पिटलातून घरी आणलं तेही त्या गाडीतूनच, गोगलगायीच्या वेगानं, मागच्यांचे हॉर्न खात. त्या गाडीचा चेपून पत्र्याचा ठोकळा होणार, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. इंगोलश्टाटमध्ये तो गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या पडद्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी तो गाड्यांमधला तज्ज्ञ होता. प्रत्यक्षात बॉनेट उघडायची वेळ त्याच्यावर काच धुवायचं पाणी भरण्यापुरतीच यायची.

पण आज प्रसंगच तसा होता. त्यानं अंगणात गाडीची मागची सीट उचकटली, तिच्याखालचं झाकण काढलं, पंपाचा प्लग ओढला, त्यात व्होल्टमीटरच्या सुया अडकवल्या आणि पुढे जाऊन किल्ली फिरवली. मीटरवर साडेबारा व्होल्ट आले. त्याला इतका आनंद झाला की त्यानं लगेच आखन शहरातल्या श्रीनाथला फोन लावला. श्रीनाथ हा त्याचा कॉलेजच्या हॉस्टेलमधला दोस्त, आता तिकडे विजेच्या मोटरींवर पीएचडी करत होता.

"साडेबारा आहेत रे. पंप नवा, वीज ठणठणीत. मग मरते कशानं?"

"प्लग काढून मोजलंस?" श्रीनाथनं विचारलं.

"गेनाऊ, अर्थात. काढल्याशिवाय सुया कुठं घालणार?"

मग श्रीनाथ म्हणाला, "अरे, पंप वीज ओढतच नाहीये, तर वायर कितीही सडकी असली तरी मीटर साडेबाराच दाखवणार. रिकामी पिशवी उचलून बंद मजबूत आहेत म्हणतोयस तू. भरून उचल. प्लग लाव, इंजिन चालू कर आणि प्लगच्या मागून वायरीच्या कडेनं सुई आत सरकव."

हृषिकेशचे कान लाल झाले. ऑफिसात दुसऱ्यांच्या चाचण्यांमधल्या अशाच चुका काढण्याबद्दल त्याचं नाव होतं. त्यानं मुकाट्यानं प्लग बसवला आणि इंजिन सुरू केलं. बॅटरीवर चौदा व्होल्ट होते. पंपापाशी साडेनऊ.

"सापडलं," श्रीनाथ म्हणाला. "तुझा पंप अर्धपोटी आहे. सपाटीवर भागतं, चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागलं की तो पुरा पडत नाही. आता वीज जाताना हरवते की परत येताना, ते बघ. एक सुई पंपाच्या तपकिरी वायरीला, ती परतीची. दुसरी लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या उणे टोकाला. तिथं जवळपास शून्य यायला हवं."

तिथं सव्वाचार आले. हृषिकेशनं ते दोनदा वाचलं; म्हणजे वीज परतीच्या वाटेवरच हरवत होती. बाल्कनीतून शेजारच्या हूबरबाई, फ्राऊ हूबर, केव्हाच्या टक लावून पाहत होत्या. अंगणात तेल तर सांडणार नाही ना, असं त्यांनी विचारलं. फक्त वीज सांडतेय, असं त्यानं इतक्या हसतमुखानं सांगितलं की त्या आत निघून गेल्या.

तपकिरी वायरीचा माग काढत तो डिकीत शिरला. गालिचा उचलला, जादा चाक बाहेर काढलं. त्या खळग्याच्या तळाशी वायर एका बोल्टनं गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती, निदान एके काळी असावी. आता तिथं पांढरट-हिरवट पापुद्र्यांचा ढीग होता आणि त्यात तपकिरी केसांसारखं काहीतरी अडकलेलं होतं. त्यानं ते चिमटीत धरून हुंगलं. वास खवट होता आणि चांगलाच ओळखीचा होता.

नेमकी तेव्हाच ऊर्मिला बसस्टॉपवरून येऊन मागे उभी राहिली.

"हे काय असेल?" त्यानं चिमूट पुढे केली.

तिनं वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "शेंडी आहे," ती सावकाश म्हणाली. "नारळाची."

"इथं कशी आली?"

"मग कुठं फोडायचा होता मी?" ऊर्मिला एकदम उसळली. "पहिल्या दसऱ्याला खाली तळघरात, टीफगाराजमध्ये, चाकापुढे फोडला, तर फरशीवर डाग पडले म्हणून इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरनं चार लोकांत सुनावलं. अंगणात फोडावा तर ही हूबरबाई. आणि आई दर वर्षी व्हिडिओवर विचारतात, गाडीला नारळ फोडलास ना गं? सणासुदीला सासूशी खोटं बोलू? म्हणून डिकीत फोडते. टॉवेल घालून."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. तू असतोस ऑफिसात. संध्याकाळी खोबऱ्याच्या वड्या हाणताना कधी विचारलंस, नारळ कुठं फोडला म्हणून?"

नव्हतं विचारलं. वर्षानुवर्षं श्रद्धेनं पाजलेलं नारळपाणी त्या एकाच बोल्टवर उतरलं होतं. हृषिकेश डिकीच्या काठावर बसला आणि पोट धरून हसत सुटला. ऊर्मिलानं रागावून पाहायचा प्रयत्न केला, पण तिलाही ते साधेना. डोळे पुसत तिनं स्वतःच त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला.

बोल्ट आणि पत्रा घासून लख्ख केले, वायरीचं टोक नवं बसवलं, आवळलं. पंपापाशी आता पावणेचौदा व्होल्ट होते. त्यानं चालकाच्या बाजूचं दार उघडलं, तेवढ्यात ऊर्मिलानं किल्लीसाठी हात पुढे केला.

"मी चालवते."

चढ लागला. गाडी कुरकुर न करता वर चालली होती. हृषिकेशला आरडाओरडा करावासा वाटत होता. पण अर्ध्या चढावर, जिथं गाडी बंद पडली होती तिथंच, ऊर्मिलानं ती कडेला घेऊन थांबवली. इंजिन चालू ठेवलं आणि हँडब्रेक ओढला.

"काय झालं? चाललीय की चांगली."

"त्या दिवशी इथून मी तुला फोन करत होते," समोर बघत ती म्हणाली. "सारखी."

"मीटिंग होती गं. नंतर केला ना मी."

"हो, तासाभरानं. आणि पहिला प्रश्न विचारलास, इंजिनाचा आवाज कसा येत होता." ती त्याच्याकडे वळली. "गाडी बंद पडली म्हणून नव्हते मी घाबरले. गाड्या पडतात बंद. ईप्सिता मागून विचारत होती, पापा का उचलत नाही, आणि मला काही सांगता येईना."

हृषिकेशला आपली लाज वाटली. पंधरा दिवस तो पंपामागे लागला होता. वर्कशॉपला, श्रीनाथला, मीटरला, सगळ्यांना त्यानं प्रश्न विचारले होते. हिला एकही विचारला नव्हता. मीटिंग महत्त्वाची होती, हे ओठांवर आलेलं त्यानं गिळलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

ऊर्मिलानं मान डोलावली. मग पर्समधून फोन काढला. "आल्झो, हेर विमर, आज येऊ नका. गाडी द्यायची नाहीये," असं तिनं जर्मनमध्ये सांगितलं, त्याचे आभारही मानले, आणि फोन ठेवून गियर टाकला.

"आणि पुन्हा कधी बंद पडली तर?" हृषिकेशनं भीत भीत विचारलं.

"पडू दे की," हँडब्रेक सोडत ती म्हणाली. "तू फोन उचल म्हणजे झालं."