कुत्र्याचा पट्टा

मालसुनवहिनी नवऱ्याच्या बोटीची मोटर घेऊन आली ती हातगाडीवर घालून, वर जुनी रजई पांघरून. धक्क्यापासून माझ्या टपरीपर्यंत चांगलाच चढ आहे. पाच-सहा बाप्ये शेकोटीभोवती बसले होते, पण एकानेही गाडीला हात लावला नाही. बुडालेल्या माणसाच्या वस्तूला शिवायला आमच्या बेटावर सगळे कचरतात. मी पुढे झालो, कारण मोटरी दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुसरंही एक कारण होतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

“भावोजी, तो गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी भगतीण येणार आहे,” वहिनी म्हणाली. “नऊ दिवस राहिलेत. तेवढ्यात ही चालू करून द्या.”

“वहिनी, महिनाभर खारं पाणी पोटात घेऊन पडलीय ही. माझी बोट घेऊन जाऊ की.”

“तुमच्या मोटरच्या आवाजावर तो वर यायचा नाही. किती तिरसट होता, तुम्हाला काय सांगायचं? बावीस वर्षं ह्याच खटाऱ्याला शिव्या घातल्यान्. ही वाजली तर येईल, ‘माझ्या मोटरला कुणी हात लावला’ म्हणून भांडायला.”

ती हसली, आणि मग रजईची घडी घालत बसली. बराच वेळ.

सोक्चेदादाचं प्रेत मिळालं नव्हतं. ज्याचं प्रेत मिळत नाही, त्याचा जीव पाण्यातून काढावा लागतो. पितळी वाटीत तांदूळ घालून, पांढऱ्या कापडात बांधून, ती वाटी तो पडला तिथे सोडतात. वर ओढल्यावर तांदळात केस सापडला, तर माणूस आला. मग त्याला घरी नेऊन नीट निरोप देता येतो. नाही सापडला, तर तो त्या गार पाण्यातच राहतो. वहिनीला त्याला पाण्यातून काढायचं होतं, बस. मला मोटर चालू करायची होती. आणि ती त्या दिवशी बंद का पडली नाही, हे वहिनीला कळू द्यायचं नव्हतं.

आता ते सांगतो.

आमच्याकडे हिवाळ्यात किम नावाच्या खायच्या शेवाळाचं पीक. समुद्रात दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यांवर ते काळं शेवाळ वाढतं. भरतीची ओढ बोटीला मागे खेचते, म्हणून मोटर हळू चालू ठेवून आमचे लोक बोटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून दोऱ्या उचलत जातात. आता प्रत्येक मोटरला, जुन्या मोटरींनाही, एक लाल, वेटोळ्यांची दोरी लावावी लागते. एक टोक मनगटाला, दुसऱ्या टोकाची चिमटी मोटर बंद करायच्या बटणाखाली. माणूस पाण्यात पडला की चिमटी निघते आणि मोटर जागच्या जागी बंद. कागदावर तिला जीवदोरी म्हणतात. आमच्या बेटावर कुत्र्याचा पट्टा म्हणतात. कारण दोन पावलं पुढे गेलं की दोरी ताणते, चिमटी निघते, मोटर बंद; परत मागे या, परत चालू करा. दिवसातून शंभरदा.

चार वर्षांपूर्वी सोक्चेदादा टपरीत आला आणि ओरडला, “किबोंग, मी काय कुत्रा आहे बांधून ठेवायला? काढ हा पट्टा!”

मी काढला. माझ्या जुन्या हिरव्या टूथब्रशचा दांडा कापला, गरम करून वाकवला आणि चिमटीच्या जागी बसवला. मोटरला वाटायचं, दोरी जागेवर आहे. दादाने माझी पाठ थोपटली. मग दुसरा आला, तिसरा आला. बेटावर आज अशा एकेचाळीस मोटरी आहेत, आणि मला त्याचा अभिमान होता. अक्कलवान किबोंग!

त्या दिवशी दादाची रिकामी बोट गोल गोल फिरताना दोघांनी लांबून पाहिली. त्यांना वाटलं, तो दोऱ्यांभोवती काम करतोय. तेल संपेपर्यंत बोट फिरली, मग खडकांवर जाऊन उलटली. दादा पट्टीचा पोहणारा होता. बोट त्याच्या हातभर अंतरावरून पुन्हा पुन्हा गेली असेल. हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तर, मोटर. चाक जाम होतं. प्लग काढून दोन्ही सिलिंडरांत डिझेल आणि तेल ओतलं. तिसऱ्या दिवशी चाक बोटभर हललं, पाचव्या दिवशी पूर्ण फिरलं. कार्बोरेटरमध्ये मिठाचे खडे. ते बारीक तारेने कोरून काढले. पाणी खेचणारं रबरी चाक चुरा झालं होतं, ते बदललं. वहिनी रोज दुपारी उकडलेली रताळी आणि मुळ्याची आंबवलेली किमची घेऊन यायची, स्टुलावर बसून बघायची.

“खा, भावोजी. हात काळे आहेत? मग तोंड उघडा, मी भरवते. लाजताय काय, साठी उलटली तुमची.”

मी तोंड उघडलं, नजर मोटरवरच ठेवून.

सातव्या दिवशी सगळं जोडलं. प्लग लोखंडाला टेकवून दोरी ओढली. ठिणगी नाही. नवे प्लग घातले. नाही. भंगारातल्या मोटरची कॉइल लावली. नाही. वायरी तपासल्या, एकदा, दोनदा. खरं सांगायचं तर दोष कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या बटणाकडे मी बघतच नव्हतो. हिरव्या दांड्याखाली मीठ साचून आतले पत्रे एकमेकांना चिकटले होते. चार वर्षं जे बटण मी गप्प केलं होतं, ते आता मोटर बंद करून बसलं होतं.

मी बटणाची वायर काढली आणि पुन्हा दोरी ओढली. निळी, जोरदार ठिणगी उडाली.

किमची घालायच्या लाल रबरी टबात पाणी भरून मोटर उभी केली. चौथ्या झटक्याला ती खोकली, धूर ओकली आणि गरजली. तोच फाटका आवाज. वहिनी उठून उभी राहिली. दोन्ही हात तोंडावर.

“तोच!” ती ओरडली. “तोच आहे! बास, बास भावोजी, बंद करा आता!”

मी बटण दाबलं. वायर तर काढलेली. मोटर चालूच. पुन्हा दाबलं. शेवटी हवेचं तोंड तळहाताने घट्ट दाबून धरलं, तेव्हा गुदमरून थांबली.

वहिनीचे हात खाली आले. “ही बंद का होत नव्हती?”

“वायर काढलीय, वहिनी.”

“तो पडला तेव्हाही वायर काढलेली होती?”

खोटं बोलायला जीभ वळलीही असती. पण तिने मला सात दिवस भरवलं होतं. मी बटणाखालून तो हिरवा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. म्हणालो, इथे लाल दोरी असायची. मनगटाला बांधायची. माणूस पडला की मोटर थांबते. ती मी काढली आणि हे बसवलं.

“लाल दोरी?” ती म्हणाली. “वेटोळ्यांची? ती तर आमच्या कुत्रीच्या, नुरुंगीच्या गळ्यात आहे. चार वर्षं. हसत हसत आणली होती त्याने. ‘हे बघ, किबोंगने माझा पट्टा सोडवला. आता कुत्र्याचा पट्टा कुत्रीला.’ मी पण हसले होते.”

तिने तुकडा माझ्या कामाच्या पाटावर ठेवला, रताळ्यांचं भांडं उचललं आणि गेली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी भंगारातून चांगलं बटण शोधून बसवलं, आणि चिमटीची जागा रिकामी सोडली. तिथे काही घालायला माझा हात धजेना.

एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी मोटर माझ्या बोटीला लावून धक्क्यावर उभा होतो. भगतीण वाटी मांडीवर घेऊन बोटीत बसली. मागून वहिनी आली, पांढऱ्या कपड्यांत. तिच्या हातात लाल दोरी होती, उन्हाने विटलेली, कुत्रीचे पिवळे केस चिकटलेली. तिने चिमटी बटणाखाली सरकवली. टक्‌ करून बसली. दुसरं टोक तिने स्वतःच्या मनगटात घातलं आणि माझ्या शेजारी बसली.

“चला.”

मोटर पहिल्याच झटक्याला लागली. दोऱ्यांच्या शेवटच्या रांगेपाशी, जिथे तो पडला तिथे, मी वेग कमी केला. भगतिणीने वाटीचं कापड घट्ट आवळलं आणि मला मोटर थांबवायची खूण केली. मी हात पुढे केला.

“थांबा,” वहिनी म्हणाली.

तिने मनगट मागे ओढलं. जोरात नाही, भांड्यावरचं फडकं ओढावं तेवढंच. चिमटी निघाली आणि मोटर थांबली. त्याच क्षणी. फक्त पाण्याचा आवाज राहिला.

वहिनीने लोंबणाऱ्या चिमटीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, हातभर अंतरावरच्या.

“एवढंच?”

“एवढंच, वहिनी.”

भगतिणीने वाटी पाण्यात सोडली.