मधली अक्षरे कुणी वाचली नाहीत

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. पण मला ना गल्ली, ना घर क्रमांक. इंटरनेटवरचे चलन ज्या पाकिटात जमा होते, त्या पाकिटाचा मी पत्ता. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका ताईच्या फोनमध्ये माझा जन्म झाला. इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून मी चौतीसांचा. शून्य आणि मोठा ओ दिसायला सारखे, म्हणून दोघांनाही माझ्यात मज्जाव. शेवटची काही अक्षरे म्हणजे माझे पहारेकरी. कुठे एक अक्षर जरी चुकले, तरी हिशोब जुळत नाही आणि पैसे निघतच नाहीत.

ताईचा धाकटा भाऊ दूरदेशी जहाजांचे वेल्डिंग करी. ताईला पैसे पाठवताना पहिल्यांदा त्याने मला हाताने टाइप केले, चुकला, आणि फोनने त्याला अडवले. पत्ता तुझ्यापेक्षा हुशार आहे, असे ताई त्याला कितीतरी दिवस चिडवत होती. मीही मनातून फुशारलो.

पुढे सवय झाली. तो मला फोनमधल्या जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू लागला. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहिली की झाले. असे व्यवहार इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात, एका भामट्याने ते हेरले. त्याने दोन्ही टोके माझ्यासारखी असलेला, पण मध्ये निराळा असा खराखुरा पत्ता तयार केला. त्यावरून भावाला चिमूटभर रक्कम पाठवली. तो तोतया यादीत सगळ्यात वर जाऊन बसला.

त्याच सुमारास वडिलांच्या हृदयाची झडप निकामी झाली. शस्त्रक्रियेआधी पैसे भरायचे होते. जेवणाच्या सुट्टीत, हातमोजा दातात धरून भावाने वरचाच पत्ता उचलला. साठवलेले सारे गेले. मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो.

रुग्णालयाच्या खिडकीपाशी ताई वाट पाहत राहिली. काहीच आले नाही. मग दोघांनी फोनवर मला ताडून पाहिले. चार अक्षरे जुळली.

"पाचवं काय आहे?" ताईने विचारले.

"के."

"माझ्याकडे बी आहे रे."

पलीकडे भाऊ पुन्हा पहिल्यापासून एकेक अक्षर वाचू लागला.

असे गेलेले पैसे परत फिरत नाहीत. भावाने दिसेल त्याच्यापुढे हात पसरले, ताईने डॉक्टरांची विनवणी केली. तरी वडिलांची पाळी दुसऱ्याला गेली. वडील एवढेच म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस. एकटा आहे तो तिकडे."

पुन्हा पाळी आली, तोवर वडील गेले होते; खाट रिकामी होती.

मित्रांनो, माझे पहारेकरी चुकलेले अक्षर ओळखतात. चुकलेले दार त्यांना ओळखता येत नाही. ते तुम्हालाच पाहावे लागते. आपल्या माणसासाठी जीव कासावीस झालेला असेल, तेव्हा तर मला अक्षर न् अक्षर वाचा.