खिडकीची सीट

कमळाला सभा-मेळाव्यांचा कंटाळा नव्हता. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा आणि मध्येच चहा मिळाला, की कोणत्याही विषयावर दोन तास मान डोलवायला ती तयार असे. पण आजचा मेळावा तिच्या घरचाच होता म्हणायला हरकत नाही. चंद्रपुरातल्या एका मंगल कार्यालयात वेबसाइटवाले, दिव्यांग मंडळी आणि त्यांच्या घरचे असे सगळे जमले होते. स्टेजवर तिची धाकटी बहीण दिव्यानी मोबाइल घेऊन बसली होती. दिव्यानीला जन्मापासून दिसत नाही.

गेल्या मेळाव्यात कमळानेच धुरळा उडवला होता. दिव्यानीचा फोन पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो, पण एका ट्रॅव्हल्सच्या वेबसाइटवर सीटांचं चित्र आलं, की तो नुसता 'बटन, बटन, बटन' म्हणत सुटे. रिकामी सीट कोणती, भरलेली कोणती, देवाला ठाऊक. कमळा भर सभेत उभी राहून म्हणाली होती, "आमच्या पोरीनं बटना मोजत नागपूरले जाव का?" ती वेबसाइट बनवणारा जिशान तिथेच बसला होता. बिचाऱ्याचा चेहरा उतरला, पण पोरगं गुणाचं. घरी जाऊन त्याने कामाला हात घातला आणि आज तो दुरुस्त वेबसाइट घेऊन हजर होता. नमुना म्हणून दिव्यानी सगळ्यांसमोर खरंखुरं तिकीट काढणार होती. सोमवारपासून तिला नागपूरच्या एका कंपनीत गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची नोकरी लागली होती.

आणि कमळा तिच्यासोबत जाणार होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनेही कोणाला विचारलं नव्हतं. श्वास घ्यायला कोणी परवानगी मागतं का? आई गेली तेव्हा दिव्यानी एवढीशी होती. पुढे कमळासाठी दोन स्थळं आली. दोन्हीकडच्यांनी चहा पिऊन झाल्यावर आंधळ्या बहिणीचं काय करणार ते विचारलं. कमळाने कपबशा उचलल्या आणि विषय संपला. पॉवर हाऊसच्या कामगारांना डबे देऊन तिने दोघींचं पोट भरलं. आता ते डबेही तिने बंद केले होते, मोठी पातेली शेजारच्या उर्वशीला देऊन टाकली होती आणि घरमालकाला खोली सोडणार म्हणून सांगूनही झालं होतं.

"कोणीही मधात सांगाचं नाई हं," मेळावा भरवणाऱ्या सायमा मॅडमनी माइकवरून बजावलं. "दिव्यानी एकटीच करणार."

फोन स्पीकरला जोडला होता, त्यामुळे त्याचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमत होता. "नागपूर. सोमवार. सकाळची गाडी." मग, "सीट अकरा. खिडकी. रिकामी." दिव्यानीने बोटाने दोनदा टकटक करून ती निवडली. मागून कोणीतरी 'वा' म्हटलं.

कमळाला हसू आलं. आजवर खिडकीशी तीच बसत आली होती. "तुले बाहेर का पाहाचं हाय?" असं म्हणून ती आधी आत सरकायची आणि मग झोप लागेपर्यंत बाहेरचं सगळं बहिणीला सांगत राहायची. पोरीला वाऱ्याची हौस असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. असू दे, आपण बाराला बसू, असं तिने ठरवलं.

"सीट बारा. रिकामी."

दिव्यानीचं बोट पुढे सरकलं.

"प्रवासी, एक. पुढे जा, बटन."

कमळा ताडकन उठली. "दिव्या, दोन कर! बारा नंबर राह्यला!"

हॉलमध्ये हशा पिकला. जिशान हात जोडत म्हणाला, "काकू, सांगाचं नाई नं. तिचं तिले करू द्या."

"हे असं होते बघा," सायमा मॅडमनी धागा पकडला. "आपण मदत मदत म्हणतो आन् त्याइच्या हातातलं काम हिसकून घेतो." टाळ्या पडल्या. मॅडमचं चुकलं नव्हतंच. चुकलं एवढंच, की समोर कोण उभं आहे हे त्यांना दिसलं नाही.

टाळ्या थांबल्यावर दिव्यानी माइकमध्ये थोरल्या बहिणीला म्हणाली, "चुकलं नाई, बाई. एकच हाय."

कमळा खाली बसली. तिला वाईट वाटलं नाही, रागही आला नाही. काहीच वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं. शेजारच्या बाईने तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. कमळा म्हणाली, "हो नं." तिकीट निघालं, टाळ्या झाल्या, चहा आला. तिने तो पिऊनही टाकला. चहाला साखर होती की नव्हती, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

लोक पांगल्यावर दिव्यानी काठी टेकत तिच्याजवळ आली.

"होस्टेलची खोली भेटली मले. घरी सांगाले गेली, का तू पातेले बांधत बसली राहे. मंग तोंडच उघडे ना."

"बरं."

"तू आली असती, तं मी तिथीही तुयाच हाताले धरून राह्यली असती. मले धरनं सोडाचं हाय, बाई."

"बरोबर हाय तुयं."

"मंग बोल नं काई. शिव्या दे."

"काऊन शिव्या देऊ? सोमवारी लवकर उठा लागन तुले."

दिव्यानीला हे शब्द नको होते. ती रडण्याची तयारी करून आली होती, भांडणाचीही. तिने हात पुढे केला आणि बहिणीचा चेहरा चाचपला. कपाळ, डोळे, गाल. सगळं कोरडं होतं. तिने पुन्हा एकदा बोटं फिरवून पाहिली, आणि मग तीच हुंदके देऊन रडू लागली.

इतकी वर्षं दिव्यानीने नुसतं नाक ओढलं तरी कमळाचा पदर आपोआप पुढे यायचा. आज कमळा समोर उभी राहून तिला रडताना बघत राहिली आणि तिचा हात काही हलला नाही.