प्रवासाचा दिवस कुणाचा

विचिटाच्या विमानतळावर आम्ही प्रवाशांची वाट पाहत होतो. माझी सहवैमानिक डार्ला पाचव्यांदा कॉफी ओतत होती. दुसऱ्या एका खाजगी जेट कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती आणि संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"कॅप्टनसाहेब, पुस्तक मिटा आणि हे बघा," तिने कराराचे कागद सरकवले. पगार वर्षाला अठरा हजार डॉलर जास्त, विमाही चांगला. सात दिवस काम, सात दिवस सुट्टी, हे दोन्हीकडे सारखंच.

बोलावं की नाही, कळेना. शेवटी विचारलं, "घरून, विमान ज्या शहरात असेल तिथपर्यंत कधी जायचं?"

"तिकीट तेच देतात की."

"तिकीट त्यांचं. दिवस कुणाचा?"

तिने करार चाळला. जाणं-येणं दोन्ही सुट्टीत होतं; आमच्या कंपनीत ते कामाच्या दिवसांत धरतात. दर फेरीला दोन दिवस.

"वर्षाला बावन्न," ती म्हणाली. "माझी लेक आधीच मला पाहुणी म्हणते." मग करार बाजूला ठेवत तिने विचारलं, "इथे सही करताना तुम्ही विचारलं होतंत?"

"नाही. मी पगारच बघितला."

पाच वाजायला वीस मिनिटं असताना तिने नकार कळवला आणि सहाव्यांदा कॉफी ओतली. मी पुस्तक उघडलं, पण तिने सोडलेले ते अठरा हजार पानावरून हलेनात.