काळ्या फडक्याखालची दुर्बीण

"मग? ते फडकं कधी उचलणार म्हणे?" मेव्हिसने चहाचा कप नवऱ्यापुढे आदळला.

"आज. दलदलीवरच. आधी आम्हा पाखरं बघणाऱ्यांच्या हातात देणार, मग दुकानात."

सिरिल थर्टल टॅबलेटला नाक लावून बसला होता. पडद्यावर काळ्या फडक्याखाली झाकलेलं काहीतरी आणि खाली एक ओळ: 'तुम्ही अजून पाहिलंच काय?' गेले कित्येक महिने हाच तमाशा चालला होता. कधी नुसता पट्टा दाखवायचा, कधी काचेची कड. नवरी दाखवण्याआधी तिची करंगळी दाखवून झुलवावं, तसं. आणि इंग्लंडातल्या नॉरफोकच्या चिखलात पाखरं बघत हयात घालवलेली शहाणीसुरती माणसं त्या करंगळीवरून एकमेकांशी भांडत होती. या दुर्बीण-कंपनीवाल्यांना पाखरांशी काडीचं देणंघेणं नाही. बदक आणि कोंबडी शेजारी ठेवली तर गोंधळतील मेले; पण गिऱ्हाइकाची खाज त्यांना बरोबर कळते. सिरिल त्यांना रोज शिव्या घालायचा आणि रोज सकाळी उठून तोच पडदा उघडायचा.

कारण त्याला ती दुर्बीण हवीच होती. गेल्या हिवाळ्यात त्याने "मोठा बगळा!" म्हणून आरोळी ठोकली, सगळे धावत आले, आणि निघाली खताची रिकामी गोणी. तोवर दलदलीवर सिरिल म्हणेल ते पाखरू खरं, असा रिवाज होता. त्यानंतर लोक मान डोलवायचे आणि हळूच स्वतः बघून घ्यायचे. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. दोष जुन्या दुर्बिणीच्या काचेचा, असं त्याने ठरवून टाकलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं किती वेळा टाळशील?" मेव्हिस म्हणाली.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? काच धुरकटलीय माझी."

"हो का? काल बागेत शेजारणीला माझ्या नावाने हाक मारलीस, तेव्हा कुठली काच होती डोळ्यांना?"

सिरिलने कोट उचलला आणि निघाला.

दलदलीवर कंपनीचा माणूस टेबल मांडून उभा होता. बुटाला चिखलाचा ठिपका नाही. रांगेत सगळ्यांत पुढे जेराल्ड अटिंग. दरवर्षी नवी दुर्बीण घेणारा आणि ती गळ्यात मिरवणारा. सोन्याचा पट्टा घातला म्हणून कुत्र्याला वास जास्त येत नाही, असं सिरिल त्याच्या तोंडावर म्हणायचा.

कंपनीवाल्याने जेराल्डला बाजूला सारलं. "थर्टलसाहेब, पहिला मान तुमचा. तुम्ही नुसतं 'वा' म्हणा, इथले सगळे घेतील."

सिरिलने दुर्बीण डोळ्यांना लावली. तेच दुधाळ धुकं. त्याने रुमालाने काच पुसली, पुन्हा लावली.

"डाग आहे हिच्यावर."

कंपनीवाल्याने दुसरी दिली. तिच्यातही तेच. जेराल्डने ती त्याच्या हातातून घेतली आणि समोर धरली.

"देवा रे! पलीकडच्या काठावरच्या पाखराची पापणी दिसतेय, सिरिल!"

मग सिरिलला यातलं काहीच दिसलं नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने दुर्बीण खाली घेतली. रांग सिरिलकडे बघायला लागली. कंपनीवाला मात्र हसतमुखच होता. "साहेब, हिच्याहून ताकदीची आहे आमच्याकडे. काढू?"

एक 'वा' म्हटलं असतं तर अब्रू झाकली गेली असती. हिला भंगार म्हटलं असतं तरी अर्ध्या लोकांनी विश्वास ठेवला असता.

"काच चांगलीय," सिरिल म्हणाला. "माझे डोळे गेलेत. आणि तू लेका, आंधळ्यालाही आरसा विकशील."

तो तडक पाखरं बघायच्या लाकडी झोपडीत जाऊन फळीच्या बाकावर बसला. समोर खिडकीची लांबोडकी फट आणि पलीकडे पांढुरकं काहीतरी. त्याला रडू फुटेलसं वाटलं, पण जेराल्ड आत आला म्हणून त्याने ते गिळलं. जेराल्ड शेजारी टेकला.

"काय काय आहे रे समोर?" सिरिलने विचारलं.

"परीक्षा घेतोस काय माझी?"

"नाही रे बाबा. सांग."

जेराल्डने गळ्यातली दुर्बीण उचलली आणि सावकाश सांगायला लागला. डावीकडे चिखलात उचाट पक्षी, चोच वर वळलेली. त्यांच्यामागे टिटव्या. उजवीकडे बोरूच्या बेटावर शिकारी भोवत्याची मादी, खाली उतरतेय. तो सांगेल त्या बाजूला सिरिल तोंड वळवत गेला.